अंगठ्याजवळचा फुगवटा

२ मार्च, सोमवार

या दोन हातांनी केलेलं, कुणाच्याही हाताखाली न शिकता:

लेथचं स्टँड. लेथची मोटर – भंगारात टाकलेल्या कपडे धुण्याच्या मशीनची, तार नव्याने भरून. जुन्या कानशी घासून केलेली सगळी हत्यारं. ज्यावर लिहितोय ते टेबल आणि त्याचे दोन्ही ड्रॉवर (डावा अडतो, पण तो लाकडाचा दोष). हिचा शिवणाचा डबा. मागच्या खिडकीची झडप. आणि पेनं! निबची, टोपण फिरवून लागणारी. एबोनाइटची, म्हणजे त्या कडक काळ्या रबराची. शिंगाची. शिसवीची. किती ते मोजलं नाही, मोजायला मी दुकानदार नव्हे. पण गळतं म्हणून एकही परत आलेलं नाही. एकही!

हे आजच लिहायचं कारण – मेहुणा येऊन गेला. चादरीखालच्या लेथवर थाप मारून म्हणतो, "भावोजी, हे नुसतं जागा खातंय. मला द्या. दाराच्या मुठी करीन, कपाटाच्या मुठी करीन. पंचेचाळीस हजार. बहिणीचं घर म्हणून, बरं का. बाहेर तीसच्या वर कुणी जाणार नाही."

मुठी! ज्या लेथवर केसाएवढी चूक झाली तर मी दांडा फेकून देत होतो, त्यावर मुठी!

ओरडणार होतो. पण ही आतून म्हणाली, "त्यांना विचार करू दे रे." म्हणजे विचार करण्यासारखं काही आहे, असं हिलाही वाटतं.

नोव्हेंबरात हत्यार अडकलं, उसळलं आणि उजव्या अंगठ्याच्या बुडात घुसलं. शीर तुटली. मोठ्या डॉक्टरांनी शिवली. तेव्हापासून चादर उचललेली नाही. चहाचा कप धरता येतो, सही येते, हे लिहिता येतंय. पण लेथवर कप धरायचा नसतो.

महिनाअखेर सांगतो म्हणालो मेहुण्याला. काय सांगणार, देव जाणे.

५ मार्च, गुरुवार

आज काळा चिमटा उघडला!

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर फिजिओथेरपीची खोली आहे. तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे असतात – पिवळे सोपे, लाल अवघड, काळे म्हणजे परीक्षाच. अंगठा आणि एक बोट, एवढ्यावर उघडायचे. म्हणून तिथल्या फिजिओ मुलीला मी मनात चिमटेबाई म्हणतो. असेल तिशीची. मला काका म्हणते. म्हणू नको असं एकदा सांगून पाहिलं. "बरं काका," म्हणाली.

मी काळा उघडला तर तिने टाळीबिळी वाजवली नाही. नुसतं लिहिलं. डॉक्टरी अक्षर नाही, वाचता येतं. लिहिलं कशाने? औषधकंपनीच्या फुकट पेनाने! बटणाचं, प्लास्टिकचं, शेपटीकडून चावलेलं. टक्-टक्, टक्-टक्. चार महिने हा आवाज ऐकतोय आणि आज एकदम सहन होईना. जिने माझा अंगठा परत आणला ती असल्या पेनाने लिहिते?

तिला पेन द्यायचं. ठरलं.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "आणि मोठ्या डॉक्टरांना नको का? शिवलं त्यांनी."

शिवलं त्यांनी, खरं आहे. पण शिवून ते निघून गेले. मी रडकुंडीला आलो तेव्हा समोर कोण बसलं होतं? तरी वाटतं, आधी शिवलंच नसतं तर तिने काय आणलं असतं? मग दोघांना? मग तिच्या पेनाला अर्थ काय राहिला?

नाही. तिलाच.

६ मार्च

कुठलं?

८ मार्च, रविवार

अपघाताआधीची तीन शिल्लक आहेत. हिचा जुना मऊ पदर फाडून केलेल्या पिशव्यांत ठेवलेली. काळं, शिंगाचं आणि शिसवीचं लाखेचं पॉलिश केलेलं. तिन्ही टेबलावर मांडली. दिवसभर तेच.

काळं फार गंभीर, वकिलाचं वाटतं. शिंगाचं एका बाजूने पिवळं पडलंय. शिसवीचं मात्र – स्वतःचं म्हणून सांगत नाही – त्या पॉलिशमध्ये स्वतःचं नाक दिसतं! चपडीलाख स्पिरिटात विरघळवायची, चिंधीने हात मारायचा, वाळू द्यायचं, परत मारायचा. आठवडाभर हेच केलं होतं तेव्हा.

पण घोळ हा की तिन्ही जुन्या हाताची. त्या हातावर चिमटेबाईंचे काय उपकार? त्याला काही झालंच नव्हतं! उपकार आहेत ते या नव्या हातावर. आणि या हाताने अजून काही केलेलं नाही.

ही म्हणाली, "एका पेनासाठी किती कीस पाडाल! चांगलं दिसतं ते द्या आणि मोकळे व्हा."

शिसवीचं.

९ मार्च, सोमवार

दिलं. तिने उजेडाकडे धरलं, फिरवलं. "बापरे काका! हे मी शोकेसमध्ये ठेवते."

"शोकेसमध्ये ठेवायला बाहुली केलेली नाही. लिहायचं."

"लिहिते, लिहिते. रागावू नका."

येताना जिना उतरलो तो तरुणासारखा.

१२ मार्च, गुरुवार

तिच्या हातात तेच चावलेलं. टक्-टक्.

विचारलं, "नवीन कुठंय?" "घरी आहे, काका." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. माझं बोट वाकवत राहिली, जरा जास्तच.

काय समजायचं?

१३ मार्च

ही म्हणते, लाजली असेल. फोनवर मेहुणा म्हणतो, "आवडलं नसेल हो. आजकाल निबने कोण लिहितं?" आवडलं नसेल! त्याला मुठी आवडतात.

पण खरंच आवडलं नसेल तर?

नसेल कसं?

१६ मार्च, सोमवार

सगळं कळलं. कळून आणखी गोंधळ.

मी आज चिमटे हातात घेतलेच नाहीत. म्हटलं, आधी पेन दाखवा. ती उठली, कपाट उघडलं, कापसात गुंडाळलेलं काढलं. घरी नव्हतंच! "काका, रागावणार नाही ना?" म्हणाली.

माझं शिसवीचं पेन. त्यावर बोटांचे ठसे उमटलेले – चोराचे पोलीस घेतात तसे, रेषा न् रेषा! मधे चट्टे, कापसाचे तंतू चिकटलेले. हातात घेतलं तर बोटाला गूळ लागावा तसं चिकटलं.

"उन्हात ठेवलंत?" मी ओरडलोच. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकले, त्यांच्या हातातली मण्यांची वाटी सांडली.

"नाही हो. नुसतं हातात धरलं. एक पेशंट झाला की आम्ही हातावर हे चोळतो ना..." आणि भिंतीवरच्या बाटलीकडे बोट केलं.

स्पिरिट! दिवसभर, दर पेशंटमागे हातांना स्पिरिट. आणि मी तिला काय दिलं? लाखेचं पॉलिश. लाख कशात विरघळते हे मी जितकं जाणतो तितकं कोण जाणतं? स्वतःच विरघळवतो! आठवडाभर स्पिरिटात लाख कालवणारा मी – आणि चार महिने त्याच खोलीत बसून, त्याच बाटलीचं स्पिरिट स्वतःच्या हाताला चोळून घेतलं! नाकात वास गेला तेव्हा डोकं कुठे होतं?

एवढ्यावर संपलं नाही. तिच्या कोटाच्या खिशावर पुसट निळा डाग. वाकते, बसते, जमिनीवर गादीवर जाते. खिशात पेन आडवं होतं आणि शाई टोपणात येते. "थोडीशीच आली," म्हणाली. थोडीशीच! एकही परत आलेलं नाही असं याच वहीत लिहून ठेवलंय.

आणि तिसरं. "आणि काका, मी डावखुरी आहे ना. ओल्या शाईवरून हात जातो." तळहाताची कड दाखवली. निळी.

डावखुरी! चार महिने ती माझ्यासमोर लिहितेय. मी बघत काय होतो? स्वतःचा अंगठा.

"पण दिसतं फार सुंदर," ती म्हणाली. आजोबा मणी वेचत म्हणाले, "अहो, मुलगी बघायला गेल्यासारखं नुसतं दिसण्यावर काय जाता!"

पेन परत आणलंय. पहिलं परत आलेलं.

१७ मार्च

दिवसभर स्वतःशी भांडण. तिला काय हवं ते सरळ दिसतंय, मलाच बघवत नाही. लाख नको, नुसतं घासून चमकवलेलं एबोनाइट. त्याला स्पिरिट काही करत नाही. टोपण नको, कारण तिचा एक हात कायम कुणाच्या तरी मनगटावर असतो. शाई नको. म्हणजे रिफिल. म्हणजे बटण.

रिफिलचं पेन! मी! मागे एका गिऱ्हाइकाने रिफिलचं मागितलं तेव्हा त्याला म्हटलं होतं, "स्टेशनरीचं दुकान कोपऱ्यावर आहे."

आणि आतला बटणाचा चाप बाजारचा घालायचा? मग "माझ्या हाताने केलेलं" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

की सोडूनच द्यावं? फुलं द्यावीत, मिठाई द्यावी. माणसं तेच देतात.

१९ मार्च, गुरुवार

तिचं चावलेलं पेन मागून आणलं. "कशाला हो काका?" "माप घ्यायला." हे खोटं. माप मला नजरेने कळतं.

तिच्याच पेनाचा चाप काढून आत घालणार. बाजारचा नाही, तिचा. ही पळवाट आहे की तोड? कळत नाही, पण रात्री झोप लागली पाहिजे एवढं खरं.

२१ मार्च, शनिवार

चादर काढली.

एबोनाइटचा एकच धड दांडा शिल्लक होता. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, आवळला. बटण दाबलं आणि तो आवाज! बंद केलं. परत चालू केलं. परत बंद. ही दारात येऊन उभी राहिली, हात ओले, हातात फडकं. तिसऱ्यांदा चालू केलं तेव्हा हत्यार टेकवलं.

पूर्वी अंगठा मला सांगायचा – आता दाब, आता सोड. आज अंगठा मुका! टोकाशी नुसतं बधिर. मी डोळ्यांनी दाब बघत होतो, कानांनी ऐकत होतो. काळा कीस बाहीवर पडत होता, जळक्या रबराचा तो वास. बरं चाललं होतं. मग धरायच्या जागेच्या जरा वर हत्यार हलकं झालं, मला कळलंच नाही, आणि तिथे कापलंच गेलं नाही. पुढे गेल्यावर लक्षात आलं. फुगवटा राहिला! एका अंगाला जास्त, एका अंगाला कमी. तो काढायला गेलो तर खाली नळी पातळ होऊन बसली. आता काढता येत नाही. दांडा दुसरा नाही.

बंद केलं. हिला म्हटलं, "तुझ्या भावाला सांग, न्या मुठींसाठी."

ही म्हणाली, "आधी जेवा."

२२ मार्च, रविवार

केराच्या डब्यात टाकलं होतं. सकाळी बघतो तर हिच्या हातात, त्याने किराण्याची यादी लिहितेय! चाप बसवला होता मी कालच, पुरा करायची खोड म्हणून.

"छान बसतं हो बोटात. अंगठा आपोआप टेकतो."

"ती खोट आहे."

"असू दे. तुमच्या चांगल्या पेनांनी माझी बोटं दुखायची. सांगितलं नाही कधी."

सांगितलं नाही कधी! आता हिचं खरं धरू की हिला पेनातलं काय कळतं म्हणू? यादी मात्र झरझर लिहिली हिने, पार खालपर्यंत.

२३ मार्च, सोमवार

दिलं. कागदात गुंडाळून, तोंड फिरवून. म्हटलं, "बरं नाही झालेलं. आवडलं नाही तर आजोबांना द्या, मण्यांच्या वाटीत."

तिने घेतलं. डाव्या हातात धरलं. अंगठा नेमका त्या फुगवट्यावर! टक्. "अय्या, आवाज माझ्याच पेनाचा!" मग बाटलीतलं स्पिरिट हातावर घेतलं, चोळलं, ओल्या हातानेच परत धरलं – माझ्याकडे बघत, मुद्दाम. काही झालं नाही. हसली.

मग म्हणाली, "हे कधीचं? आधीचं?"

"परवाचं."

"परवाचं? लेथवर? तुम्ही?"

आणि पेन बाजूला ठेवून दिलं! माझा हात ओढला, अंगठा दाबला, वाकवला, "माझ्या बोटाला ढकला, आणखी ढकला," म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मला राग आला. अहो, पेन बघा ना! पेन द्यायला आलो आणि ती हाताकडे बघतेय.

घरी येईपर्यंत राग का आला तेच विसरलो.

२६ मार्च, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी खाली बोलावलं. वाटलं, हात बघणार. हात बघितलाच नाही! तिचं पेन त्यांच्या हातात होतं. मागून घेतलेलं.

"हे तुम्ही केलंत? या फुगवट्याचं डिझाइन तुमचं?"

काय सांगणार? खोट म्हणावं तर तिच्या हातात खोटीचा माल दिला असं होतं. डिझाइन म्हणावं तर जीभ रेटत नाही. "झालं तसं," म्हणालो.

"दिवसभर ऑपरेशन करून बोटं आखडतात. हे धरलं की आराम पडतो. मे महिन्यात बाहेरगावचे सर्जन येणार आहेत. चोवीस हवीत. पण अगदी असंच. हा फुगवटा इथेच आणि एवढाच. तोच तर खरा." आणि आकडा सांगितला.

आकडा ऐकून खुर्चीचा हात धरला. मेहुणा लेथ उचलून नेतो त्याहून जास्त, आणि लेथ घरातच!

हिला सांगितलं. ही एकदम हसायलाच लागली. "बघा! आणि केरात टाकत होतात."

पाच दांडे मागवले आजच.

२८ मार्च, शनिवार

होत नाही!

सकाळपासून पाच दांडे घालवले. तीच जागा, तेच हत्यार, हात तसाच सैल सोडला. फुगवटा येतच नाही. जिथे राहायला हवा तिथे हत्यार आपोआप दाबलं जातं. थांबवायला जावं तर थांबत नाही. एका पेनाला जमत नाही तिथे चोवीस!

हात परत बिघडला का? मी सांगतो एक, तो करतो भलतंच. शीर सैल झाली की काय? जास्त काम झालं? मेहुणा मंगळवारी टेम्पो घेऊन येणार आहे, काय ते सांगा म्हणतोय. मला वाटलं होतं, त्याच्या तोंडावर चोवीस पेनं मारीन.

कानशीने घासून फुगवटा काढता येईल. सोपं आहे. मापाने, चोवीस वेळा. पण घासून केलेली चूक ती काय चूक? मग मुठी काय वाईट?

३० मार्च, सोमवार

चिमटेबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, हात ऐकत नाही, बघा काय तुटलंय का. मुद्दाम खराब करायला गेलो तर नीट होतं, असं कधी असतं का?

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. हसून हसून चिमट्यांच्या टोपलीवर डोकं टेकलं. आजोबाही हसायला लागले, त्यांना काय कळलं देव जाणे. मी उभा तसाच.

"काय झालं हो?"

"काही नाही, काका. घरी जा. ती पाचही नीट मोजून बघा. आणि गुरुवारपासून येऊ नका."

येऊ नका? मी काय चुकीचं बोललो?

३१ मार्च, मंगळवार

मापाचा व्हर्नियर लावला. पाचही दांडे, वरपासून खालपर्यंत. सरळ! केसाएवढाही फरक नाही. नोव्हेंबरच्या आधी व्हायचे तसे.

तो फुगवटा आता माझ्याच्याने कधी होणार नाही.

मेहुणा आला तेव्हा लेथ चालू होतं. आवाजात त्याला काही विचारताच आलं नाही. चहा घेऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

मग मोठ्या डॉक्टरांना फोन केला. तसं एकच होतं, ते दिलं, म्हणालो. चोवीस पेनं, प्रत्येकी तीन हजार. बहात्तर हजार. नाही म्हणालो.